अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत एकच बातमी दोन वाहिन्यांवर दोन तऱ्हांची का दिसते? ही माध्यमे पक्षांनी विकत घेतलेली असतात का?

मी न्यू जर्सीत राहतो आणि २०१२ पासूनच्या चारही अध्यक्षीय निवडणुका इथूनच पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. माध्यमे विकत घेतलेली असतात असे मला वाटत नाही. मात्र त्यांना आपल्या प्रेक्षकाची धास्ती असते आणि ती कोणत्याही पक्षाच्या दडपणापेक्षा मोठी असते. यासाठी ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री काय घडले ते थोडे सविस्तर सांगावे लागेल.

भारतात निवडणूक आयोग मतमोजणी करतो आणि निकालही तोच जाहीर करतो. अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापली मोजणी करते आणि अधिकृत प्रमाणपत्र यायला काही आठवडे लागतात. त्यामुळे मतदानाच्या रात्री कोणते राज्य कोणाकडे गेले हे असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आणि मोठ्या वाहिन्यांचे निकाल-कक्ष आपापल्या हिशेबाने सांगतात, आणि लोक त्यालाच निकाल मानतात. त्या रात्री माझ्या टीव्हीवर फॉक्स लावलेले होते आणि फोनवर सीएनएन चालू होते. पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे ११ वाजून २० मिनिटे झाली असताना फॉक्सने ॲरिझोना बायडन यांच्या खात्यात टाकले. १९९६ नंतर ते राज्य एकदाही डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले नव्हते. फोनवरच्या सीएनएनच्या नकाशात मात्र ते अजून कोरेच होते. ट्रम्प यांच्या बाजूची समजली जाणारी वाहिनी त्यांच्याविरुद्धचा कौल सर्वांच्या आधी देत होती आणि विरोधी समजली जाणारी वाहिनी थांबून होती! असोसिएटेड प्रेसने तोच निर्णय पहाटे तीनच्या सुमारास दिला, तर सीएनएनसह बाकीच्या बड्या वाहिन्यांना १२ नोव्हेंबरची रात्र उजाडावी लागली. अंतिम फरक १०,४५७ मतांचा निघाला. फॉक्सचा निर्णय घाईचा होता की नाही यावर जाणकारांत वाद आहे, पण तो बरोबर ठरला.

बरोबर ठरूनही तो वाहिनीला महागात पडला. दुसऱ्याच दिवशी ॲरिझोनातील फिनिक्स शहराच्या मतमोजणी केंद्राबाहेर जमलेले ट्रम्प-समर्थक फॉक्सच्याच नावाने शिव्याशाप देत होते आणि प्रेक्षक न्यूजमॅक्ससारख्या छोट्या वाहिनीकडे वळू लागले होते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत फॉक्सच्या कार्यक्रमांतून डोमिनियन या कंपनीच्या मतदान यंत्रांनी मते फिरवल्याच्या निराधार आरोपांना जागा मिळत गेली. पुढे डोमिनियनने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा वाहिनीच्या आतले निरोप न्यायालयापुढे आले. स्वतः हे आरोप खोटे मानणारी निवेदक मंडळी पडद्यावर त्यांना हवा देत होती किंवा मिठाची गुळणी धरून बसली होती, हे त्या कागदपत्रांतून दिसले. फॉक्सच्याच एका महिला वार्ताहराने ट्रम्प यांच्या एका ट्वीटमधील दाव्याची शहानिशा केली, तेव्हा वाहिनीचे निवेदक टकर कार्लसन यांनी सहकाऱ्यांना, तिला कामावरून काढा, अशा अर्थाचा निरोप पाठवला, आणि त्यात शेअरचा भाव उतरत असल्याचाही उल्लेख होता. मला या साऱ्या प्रकरणात तो शेअरचा उल्लेखच सर्वांत बोलका वाटतो. १८ एप्रिल २०२३ रोजी, ज्युरी बसलेली असताना, फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. १९६४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अमेरिकेत सार्वजनिक बाबींवरील असे दावे जिंकणे फार कठीण आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे वजन कळते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण इथले माझे बरेच मराठी मित्र इथवरचेच सांगून थांबतात. १४ ऑक्टोबर २०२० रोजी न्यूयॉर्क पोस्टने बायडन यांचे पुत्र हंटर बायडन यांच्या लॅपटॉपमधील ईमेलची बातमी छापली. ट्विटरने तिचा दुवा पाठवण्यावरच बंदी घातली आणि त्या वृत्तपत्राचे खाते सुमारे दोन आठवडे अडवून ठेवले. पाच दिवसांनी ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांचे पत्र आले. या प्रकरणात रशियन कारवायांच्या खुणा दिसतात, मात्र आपल्याकडे तसा पुरावा नाही, असे त्यात म्हटले होते. यातले शेवटचे अर्धे वाक्य चर्चेत फारसे कोणी उच्चारले नाही. मार्च २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट या दोघांनीही त्यातील काही ईमेल अस्सल असल्याचे मान्य केले, पण तोवर निवडणूक होऊन दीड वर्ष लोटले होते. बायडन यांच्या वयाचेही तेच. जून २०२४ च्या सुरुवातीला वॉल स्ट्रीट जर्नलने, ते बंद दाराआड थकलेले दिसतात, असे छापले, तेव्हा उदारमतवादी गोटातून त्या वृत्तपत्रावरच हेत्वारोप झाले. २७ जूनला अटलांटामधील वादचर्चेत साऱ्या देशाने ते डोळ्यांनी पाहिले आणि २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली. इथे कोणी धडधडीत खोटे छापले असे मी म्हणणार नाही. काय शोधायचे आणि काय शोधायचे नाही, हे आपल्या वाचकाला काय रुचेल यावरून ठरत गेले, इतकेच.

हे सारे १९८७ साली सरकारने समतोलाचा नियम रद्द केल्यामुळे झाले, असे वारंवार सांगितले जाते. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू प्रेक्षकांपुढे ठेवा, असे तो नियम १९४९ पासून नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांना बजावत असे. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा एककल्ली रेडिओ कार्यक्रम देशभर पोहोचला, हे खरे. पण तो नियम सार्वजनिक रेडिओलहरी वापरणाऱ्यांसाठी होता आणि फॉक्स किंवा उदारमतवादी समजली जाणारी एमएसएनबीसी (२०२५ पासून एमएस नाऊ) या १९९६ मध्ये निघालेल्या वाहिन्या केबलवरच्या आहेत. नियम टिकला असता तरी त्यांना वेसण घातली गेली असती असे मला वाटत नाही.

मराठी वाचकाचा आणखी एका बाबतीत गोंधळ होतो. अमेरिकन वृत्तपत्रांचे संपादक मंडळ अमुक उमेदवाराला मत द्या असे उघड लिहिते आणि बातमीदारांचा त्याच्याशी संबंध नसतो. न्यूयॉर्क टाइम्सने १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांना पाठिंबा दिल्यानंतर अध्यक्षपदासाठी एकाही रिपब्लिकन उमेदवाराला पाठिंबा दिलेला नाही. तेवढ्यावरून त्याची प्रत्येक बातमी पक्षाची ठरत नाही. अशा पाठिंब्याने फार मते फिरतात असेही नाही. २०१६ मध्ये बहुतेक मोठी वृत्तपत्रे ट्रम्प यांच्या विरोधात होती, तरी ते निवडून आले. उलट २०२४ मध्ये मतदानाला ११ दिवस उरले असताना वॉशिंग्टन पोस्टने कोणालाच पाठिंबा न देण्याचे जाहीर केले, तर सुमारे अडीच लाख वर्गणीदारांनी वर्गणी बंद केली. प्रेक्षकाच्या धास्तीबद्दल मी वर जे म्हटले, ते डाव्या बाजूला किती लागू पडते हे यावरून दिसते. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत माध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास असलेले डेमोक्रॅट ५४ टक्के होते आणि रिपब्लिकन अवघे १२ टक्के.

तुम्ही भारतातून पुढची निवडणूक पाहणार असाल, तर निकालाच्या रात्री असोसिएटेड प्रेसची आकडेवारी आणि राज्याच्या निवडणूक कार्यालयाचे संकेतस्थळ उघडून ठेवा, आणि वाहिनीवर बातमी चालू आहे की निवेदकाचे मतप्रदर्शन, हे पडद्यावरच्या कार्यक्रमाच्या नावावरून आधी पाहून घ्या. फॉक्सवरही दिवसाच्या बातम्या आणि रात्री आठनंतरचे कार्यक्रम यांत बराच फरक असतो. २०२४ च्या त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास फॉक्सने ट्रम्प विजयी झाल्याचे सांगितले, तेव्हा पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडे दुपारचे सव्वाबारा वाजले होते. ही बातमी खरी धरायची का, असे ती विचारत होती. फॉक्सच्या निकाल-कक्षाने मागच्या खेपेला आपल्याच प्रेक्षकांचा रोष पत्करला होता, तेव्हा खरी धरायला हरकत नाही, असे मी तिला सांगितले आणि झोपायला गेलो. असोसिएटेड प्रेसने पहाटे ५ वाजून ३४ मिनिटांनी तेच सांगितले.