घरापुढे बाग आणि मागे रान असताना हिवाळ्याचा आनंद कसा घ्यावा?

महाबळेश्वरजवळ आपले घर आहे, पुढे बाग आणि मागे रान आहे, तरीही डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात घरातले कोणी बाहेर फिरकत नाही, असे आपण लिहिले आहे. मीही याच पठारावर राहतो आणि माझ्या मते येथे फारसे काही करावे लागत नाही. बसण्याची जागा आणि वेळ तेवढी नेमकी निवडावी लागते.

प्रथम थंडी कोठे साचते ते पाहावे. पाऊस संपून आकाश निरभ्र झाले की रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते, जमिनीलगतची हवा थंड व जड होते आणि उताराने सखल भागात जाऊन बसते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरील या गावात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरातच हिमकण दिसतात ते याच कारणाने. घराच्या पडवीतील तापमापक ८ अंश दाखवत असताना तिकडे गवतावरचे दव गोठलेले असू शकते. आपल्या बागेतही असा एखादा खोलगट कोपरा असेलच. तेथे बाक ठेवू नये, पण पहाटे तो अवश्य पाहावा.

बाक घराच्या आग्नेयेस किंवा दक्षिणेस ठेवावा, कारण डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ४९ अंशांवर असतो आणि घराची उत्तर बाजू दिवसभर सावलीत राहते. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला येत असला, तरी येथे सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास होतो. त्यामुळे कोवळ्या उन्हातला चहा आठनंतरचाच धरावा. त्याआधी बसून हुडहुडी भरवून घेण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

बागेत शेवंती, मेथी, मुळा, वाटाणा आणि अर्थातच स्ट्रॉबेरी असावी. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते, म्हणून तिच्याजवळचा अंगणातील दिवा रात्रभर जळत ठेवू नये. अनेकांची शेवंती उशिरा फुलते ती खतपाण्याअभावी नव्हे, तर या दिव्यामुळे. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. वाटाण्याची पाने पांढुरकी दिसू लागली तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, समजावी आणि वेल दाटले असल्यास विरळ करून त्यांत हवा खेळू द्यावी.

रानाचा खरा आनंद मात्र पाचोळ्यात आहे, आणि नेमका तोच लोक झाडून जाळून टाकतात. जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या खाली पडलेल्या पानांत किडे-अळ्या असतात. ती पाने उलथीपालथी करणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर थोडा वेळ स्तब्ध बसल्यास अगदी जवळून दिसतो. ओहोळाकाठी शेपटी सतत खालीवर हलवणारा करडा धोबी हिमालयाकडून आलेला हिवाळी पाहुणा असतो. शेकरू वर फांद्यांत असते, म्हणून त्याचा खणखणीत आवाज आधी ऐकावा आणि मग मान वर करावी. बागेच्या कडेचा पाचोळा तसाच राहू दिला, तर यांतील काही पक्षी स्वतःहून बागेत उतरतात. घराच्या भिंतीलगतची पट्टी मात्र स्वच्छ असावी, कारण जानेवारीपासून गवत वाळते आणि वणव्याचा धोका वाढतो.

याच कारणाने शेकोटी झाडांखाली न करता अंगणातील मोकळ्या, मातीच्या जागेवर करावी, पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि उठण्यापूर्वी निखारे पूर्ण विझवावेत. रानातून मात्र अंधार पडण्यापूर्वी परतावे. संध्याकाळी गवे रानाच्या कडेला येतात, आणि ते दिसल्यास छायाचित्रासाठी पुढे न जाता हळूहळू मागे सरावे.