‘स्वभावच बुजरा आहे, कसं व्हायचं त्याचं?’

सांगलीत अभिनयाचं वेड घेतलेली मुलं काही कमी नाहीत, नाट्यपंढरीच ही. त्यांचे आईवडील समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा काळजी बहुतेक वेळा एकच असते. चार-चार भाषांत, परदेशी सिनेमांत काम करणारे नट जात्याच धीट असतात, आमचं पोरगं तसं नाही, मग त्यानं हा नाद सोडावा का?

अशाच एका मुलाची ही हकिगत, ओळख पटणार नाही इतपत बदललेली. त्याला अमोल म्हणू. वय २३, जत तालुक्याच्या पूर्वेकडचा. एकांकिकांत दोनदा बक्षीस मिळवलेला. एका परदेशी मालिकेतल्या छोट्या भूमिकेसाठी त्याला इंग्रजी सेल्फ-टेप, म्हणजे स्वतःच चित्रित केलेली अभिनयाची चाचणी, पाठवायची होती. रात्रभर बसून त्यानं ३१ टेक घेतले आणि एकही पाठवला नाही.

पहिल्या भेटीला वडील बरोबर होते. “मॅडम, पोरगं बुजरं आहे हो. हे जग दांडग्यांचं.”

मी त्यांना ओम पुरींचं उदाहरण दिलं. जन्म अंबाल्याचा, घरची भाषा पंजाबी. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले तेव्हा तोडक्या इंग्रजीमुळे फार अवघडून जायचे. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक कोणत्या भाषेतला? मराठी. १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’. पुढे १९९९ च्या ‘ईस्ट इज ईस्ट’ या ब्रिटिश सिनेमासाठी त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन मिळालं, ते इंग्लंडात स्थायिक झालेल्या पाकिस्तानी बापाच्या भूमिकेसाठी. तिथं देशी सूरच हवा होता.

वडील गप्प झाले, पण अमोलला त्याचं काही वाटलं नाही. थोरामोठ्यांच्या उदाहरणांनी मुलं क्वचितच हलतात, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या भेटीत मी त्याला टेक घेताना मनात येणारी वाक्यं लिहायला सांगितली. त्यानं लिहिलं: ‘पहिल्याच टेकला जमलंच पाहिजे. उच्चार चुकताच कामा नये. हसलेच लोक तर संपलंच.’ मी पेन्सिलीनं प्रत्येक ‘च’भोवती गोल काढला. “हा च काढून वाच.” त्यानं वाचलं: ‘पहिल्या टेकला जमलं पाहिजे.’ “अजून हुकूमच आहे. आता इच्छा म्हणून सांग.” बराच वेळ थांबून तो म्हणाला, “पहिल्या टेकला जमावं असं वाटतं.” माणसाला मोडते ती त्याची इच्छा नव्हे, तिचा झालेला हुकूम, माझं सगळं काम या एका धारणेवर उभं आहे.

खरी गाठ सुटली चौथ्या भेटीत. बोलता बोलता त्याचा फोन वाजला. गावाहून आजी. “घेऊ का, मॅडम?” म्हणत त्यानं घेतला आणि कन्नडमध्ये सुरू झाला, “अज्जी, ऊटा आतेन?” जेवण झालं का, एवढंच. पण खांदे खाली आले, हात हलू लागला, आवाज पोटातून यायला लागला. इतके दिवस माझ्यासमोर हाताची घडी घालून बसलेला मुलगा हा नव्हेच.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “कन्नडमध्ये चुकतोस का कधी?”

“चुकतो की. घरात मराठीच जास्त. अज्जी हसते, बरोबर करून सांगते.”

“मग तू काय करतोस?”

“काय करणार? तसं म्हणतो पुन्हा.”

मी काही बोलले नाही. तोही खिडकीबाहेर बघत बसला. मग हळूच म्हणाला, “इंग्रजीत मी पुन्हा म्हणतच नाही. थांबतो.”

‘तसं म्हणतो पुन्हा.’ अनेक भाषांत काम करणाऱ्या नटाचा पहिला गुण हाच, आणि तो या मुलात लहानपणापासून होता. आजीसमोर चुकतो तो शब्द. इंग्रजीत चुकलं की त्याला आपली लायकीच चुकल्यासारखी वाटायची. स्वभाव तोच, फक्त एका भाषेला त्यानं न्यायाधीश करून ठेवलं होतं. धीटपणा माझ्या यादीत बराच खाली येतो. त्याच्या वर दुरुस्ती ऐकून घेणं, वयानं मोठं झाल्यावरही नवशिक्या व्हायची तयारी, आणि वाट बघता येणं. ऑस्ट्रियन नट क्रिस्टोफ वॉल्ट्झ जर्मन भाषेतल्या टीव्हीवर वर्षानुवर्षं काम करत होते. २००९ साली जगानं त्यांना ओळखलं तेव्हा वय ५२.

आपल्या सांगलीचंच घ्या. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे कानडी नाट्यखेळ होते. दुसऱ्या भाषेतलं बघून, ऐकून, आपल्या तोंडात बसवणं इथं नवं नाही.

पुढच्या भेटी सरावाच्या होत्या. त्या जरा सविस्तर सांगते, कारण मुलं चुकतात ती इथंच.

परक्या भाषेतलं एक पान घ्यायचं, जास्त नाही. पहिल्या दिवशी तोंडानं एक शब्दही बोलायचा नाही. प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहायचा. दुसऱ्या दिवशी ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडून पान सपाट, भावना न घालता वाचून घ्यायचं आणि रेकॉर्ड करायचं. नटाकडून घेऊ नये. मग भाषेऐवजी त्याच्या अभिनयाची नक्कल होते. ते ऐकत देवनागरीत उतरवायचं, ऱ्हस्व-दीर्घ आणि श्वासाच्या जागा खुणेनं दाखवायच्या. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळमसाठी मराठी माणसाकडे एक भांडवल आयतं आहे: ळ. इंग्रजीत मात्र शब्दाच्या कुठल्या भागावर जोर येतो तिथं खूण हवीच. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनानं बोलतो, म्हणून ऐकणाऱ्याला शब्द कळत नाही.

मग हात कामात असताना बोलायचं. गाडी पुसताना, भाजी निवडताना. बसल्या जागी पाठ केलेलं वाक्य हात हलले की मोडतं. आणि समोरच्याची वाक्यं अर्थासकट शिकायचीच. नुसता ध्वनी पाठ असेल तर समोरच्यानं एक शब्द बदलला की मुलगा गोठतो. दुरुस्ती सांगायला माणूस एकच ठेवायचा. दहा जणांना विचारलं की दहा उच्चार होतात.

टेपसाठी फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला. मागं साधी भिंत, छातीपासून वर चौकट. समोरची वाक्यं वाचणारा लेन्सच्या अगदी शेजारी, त्याचा आवाज आपल्यापेक्षा हळू. टेक तीनच; त्यातला एक पाठवायचा. हा नियम अमोलला सगळ्यात जड गेला.

शिवाय त्याला मिरज जंक्शनवर धाडलं. फलाटावर पाच अनोळखी माणसांशी मोडक्या इंग्रजीत बोलायचं, चुकलं तर तिथंच वाक्य पुन्हा म्हणायचं. परत आला तो सांगत, “एकानं दुरुस्त केलं, मॅडम. बाकीच्यांनी नुसता फलाट नंबर सांगितला.”

वडिलांशी वेगळं बोलले. “तुम्ही दोन वर्षं ठरवा. खर्चाची वही त्याच्याकडेच द्या आणि दर सहा महिन्यांनी एकत्र बसून बघा.” ते कबूल झाले.

मग एका कन्नड सिनेमातल्या दोन दृश्यांसाठी त्यानं टेप पाठवायची ठरवली. वाचून द्यायला आजीला बसवलं, तर ती सपाट वाचेचना, प्रत्येक वाक्याला रागवायची. शेवटी गावातल्या एका गुरुजींनी वाचून दिलं. तिसरा टेक पाठवला. चार दिवसांनी समोरच्याची दोन वाक्यं बदलून त्यांनी टेप पुन्हा मागवली, आणि त्यानं त्याच संध्याकाळी पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही. अमोलनं आता इंग्रजीचं पान काढलंय, तेच ३१ टेकचं.