'ऐतराज'मध्ये छळणारी बाई आहे. मग साचा मोडला का?

प्रश्न: 'ऐतराज'सारख्या थ्रिलरमध्ये वरच्या पदावरची बाई पुरुष कर्मचाऱ्याचा लैंगिक छळ करते. यामुळे स्त्री-पुरुषांचे ठरलेले साचे मोडतात का?

उत्तर: माझ्या मते नाही. छळणारा आणि सोसणारा यांची अदलाबदल झाली, बाईकडे बघायची नजर जुनीच राहिली.

पुरुषाचाही छळ होतो आणि त्याने तोंड उघडलं की टिंगल होते. त्यावर चित्रपट यायलाच हवेत. पण कामाच्या ठिकाणचा छळ चालतो तो पदाच्या जोरावर. बढती, बदली, पगार ज्याच्या हातात, त्याला 'नाही' म्हणणं महागात पडतं. अब्बास-मस्तान यांच्या २००४ सालच्या या चित्रपटात सोनियाला (प्रियांका चोप्रा) सत्ता मिळते ती कंपनीच्या वयस्कर अध्यक्षाशी लग्न करून. त्याआधी तिला करिअरसाठी गर्भ नको असतो, म्हणून नायकाशी असलेलं नातं तुटलेलं असतं. म्हणजे छळाचं मूळ खुर्चीत न शोधता तिच्या महत्त्वाकांक्षेत शोधलं. समोर प्रिया (करीना कपूर): वकिलीचं शिक्षण असूनही घर सांभाळणारी, नवऱ्यावर बालंट आल्यावरच कोर्टात उभी राहणारी. चांगली बाई कोण आणि वाईट कोण, हे छळाचा प्रसंग येण्याआधीच ठरलेलं असतं.

हॉलिवूडच्या 'डिस्क्लोजर'चा (१९९४) गाभाही हाच. तिथे निदान ती बाई नायकाच्या डोक्यावर बसवलेली अधिकारी आहे, त्यामुळे पद ठळक दिसतं. दोन्हींत मात्र ती उलट नायकावरच खोटा आरोप करते, आणि दोन्हींत त्या प्रसंगाचा आवाज योगायोगाने फोनवरून रेकॉर्ड झालेला असतो.

मला सर्वांत जास्त खटकतं ते इथे. थ्रिलर 'खोटं कोण बोलतंय' या शंकेवर चालतो, म्हणून तक्रार एक तर शंभर टक्के सिद्ध होते किंवा बनाव ठरते. प्रत्यक्षात बंद खोलीतल्या प्रसंगाचं रेकॉर्डिंग क्वचितच असतं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या भारतातल्या २०१३च्या कायद्याचं कलम १४ स्पष्ट सांगतं की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून तक्रारदारावर खोट्या तक्रारीची कारवाई करण्याची गरज नाही. खोटेपणा आणि वाईट हेतू चौकशीत वेगळा सिद्ध व्हावा लागतो. पडद्यावर हा फरक पुसला जातो आणि तेच प्रेक्षकाच्या डोक्यात राहतं.

असा चित्रपट तपासायचा तर छळाचा प्रसंग आवाज बंद करून बघा. कॅमेरा किती वेळ छळणाऱ्या बाईच्या अंगावर फिरतो आणि किती वेळ नकार देणाऱ्याच्या चेहऱ्यावर थांबतो, हे घड्याळ लावून मोजा. पहिला आकडा मोठा असेल तर दिग्दर्शक छळ नव्हे, मादकता विकतोय. मग दुसरा दिवस बघा: तो माणूस कुणाला सांगतो का, लेखी काही देतो का, की पटकथा त्याला थेट कोर्टात नेते?

२०१३चा हा कायदा फक्त महिलांच्या तक्रारींसाठी आहे. पुरुष कर्मचाऱ्याला कंपनीचे सेवानियम किंवा धोरण यांच्याकडे वळावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५चे नियम मात्र पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांनाही लागू होतात. पुरुषाच्या छळावर प्रामाणिक थ्रिलर लिहायचा तर मला तरी हीच जागा सर्वांत नाट्यमय वाटते: तक्रार खरी आहे, पण ती घेऊन जायचं कुठे?