नोकरी सोडून पोस्ट बेसिक? आधी वय मोजा

प्रश्न: मी २८ वर्षांची, खुल्या प्रवर्गातली. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन पाच वर्षं झाली. नागपुरात धंतोलीतल्या खासगी हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे, हातात २२ हजार येतात. एम्समध्ये लागायचं तर डिग्री हवी, म्हणून नोकरी सोडून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री) करावं म्हणते. फी वर्षाला १ लाख २० हजार. आईचे दागिने बँकेत गहाण ठेवून भरीन. इथे डिग्रीवाल्या सिस्टरना महिन्याला चार हजार जास्त मिळतात. करू का?

उत्तर: ताई, यंदा तरी नको.

तुम्ही फी धरलीत, पण बुडणारा पगार धरला नाहीत. फी २ लाख ४० हजार आणि चोवीस महिन्यांचा पगार ५ लाख २८ हजार. म्हणजे डिग्री पडते ७ लाख ६८ हजारांना, दागिन्यांवरचं व्याज वेगळंच. महिना चार हजारांच्या वाढीतून एवढे पैसे वसूल व्हायला सोळा वर्षं लागतील.

पण मला खरी धास्ती वयाची वाटते. एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती नॉरसेट परीक्षेतून होते, आपल्या मिहानच्या एम्सचीसुद्धा. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३० वर्षं. डिग्री हाती येईपर्यंत तुमची तिशी उजाडलेली असेल. आणि तिथे ही डिग्री लागतच नाही! जीएनएम, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि जीएनएमनंतर किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव, एवढ्यावर अर्ज भरता येतो. फी ३ हजार. मूळ वेतन ४४,९०० पासून, वर भत्ते. जागांपैकी ८० टक्के महिलांसाठी.

खाटांचं मात्र आजच बघा. धंतोली-रामदासपेठेत वीस-तीस खाटांची हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत. तुमचं त्यातलं असेल तर पाच वर्षांचा अनुभव या अर्जाला कामाचा नाही. मग डिग्रीचा विचार पुन्हा करावा लागेल. ५० किंवा जास्त खाटा असतील तर एचआरकडून लेटरहेडवर, खाटांचा आकडा आणि रुजू झाल्याची तारीख घालून पत्र घ्या. मेट्रनशी (नर्सेसच्या प्रमुखांशी) संबंध चांगले आहेत तोवर घ्या. राजीनामा दिल्यावर असली पत्रं लवकर मिळत नाहीत.

परीक्षा साधारण वर्षातून दोनदा होते. तीन-चार संधी आहेत. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून नाइट ड्यूट्या थोड्या कमी करून मागा, पगारात हजार-दीड हजार गेले तरी चालतील.

तुम्हाला पुढे एमएस्सी करून नर्सिंग कॉलेजात शिकवायचं असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डिग्रीशिवाय पाऊल पुढे पडत नाही. पण तेव्हाही दागिने काढू नका. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, आणि हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याजावरच्या करसवलतीचं आमिष कोणी दाखवलं तर हसून सोडून द्या; २२ हजारांच्या पगारावर कर बसतोच कुठे?