घरचा धर्म मनातून उतरल्यावर नवं आयुष्य कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न असा: घर माळकरी, गावात दरवर्षी सप्ताह, तुमचा विश्वास मात्र उरला नाही म्हणून तुम्ही माळ उतरवलीत. आता माणसं तुटतील का, आणि पुढं जगायचं कसं? मी याच वाटेनं आलोय, म्हणून लिहितो.

देव सुटणं त्या मानानं सोपं. जड जातं ते वर्षाचं वेळापत्रक आणि माणसं सुटणं. एकादशी, वारी, काकडा, पंगती हे सगळं एकदम थांबलं की संध्याकाळी जायचं कुठं, हाच प्रश्न पडतो. म्हणून सगळ्यावरच पाणी सोडू नका. सप्ताहात मी आजही पंगतीत वाढायला उभा राहतो. वाढपी कमीच पडतात, आणि आमटीची बादली हातात असलेल्याला कुणी श्रद्धा विचारत नाही. पखवाज ऐकायला मला अजून आवडतो. जपाला बसत नाही, एवढंच. जोडीला नवी माणसं मात्र हवीतच. वाचनालय, ट्रेकचा ग्रुप, अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समितीची) शाखा, जिथं दर आठवड्याला तेच चेहरे भेटतील असं काहीही चालेल.

घाई करू नका. बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली 13 ऑक्टोबर 1935 ला, नागपूरची बौद्ध धम्माची दीक्षा झाली 14 ऑक्टोबर 1956 ला. मध्ये 21 वर्षं गेली. आणि त्या दिवशी त्यांनी नुसतं जुनं सोडलं नाही, 22 प्रतिज्ञा दिल्या, म्हणजे उद्यापासून वागायचं कसं तेही दिलं. जोतीरावांनीही 1873 साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी पुरोहिताविना लग्न लावून दाखवलं. त्यांचा लढा जातीच्या अन्यायाशी होता, आपल्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा. पण लग्न, बारसं, मयत यांची सोय लावल्याशिवाय माणूस जुन्यातून बाहेर पडू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

लग्नाला 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. आधी नोटीस, मग 30 दिवस थांबायचं, नंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. ती नोटीस कचेरीत लागते, तेव्हा बाहेरून कळायच्या आत घरी तुम्हीच सांगा. आमच्या सह्या झाल्यावर सासऱ्यांनी पिशवीतून दोन हार काढले, आम्ही आनंदानं घातले.

मयत हा सगळ्यात अवघड प्रसंग. वडील गेले तेव्हा थोरला मुलगा मीच. त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत अढळ होती. मी खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या मारल्या, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत घाटावर थांबलो. चुलतभाऊ म्हणाला, हे ढोंग झालं. मला अजिबात तसं वाटत नाही. तो विधी वडिलांचा होता, माझ्या मतांचा तिथं काय संबंध? माझं मात्र देहदानाचं ठरलंय. फॉर्म भरताना बायकोला आणि भावाला शेजारी बसवलं, कारण ऐनवेळी घरच्यांनी नाही म्हटलं तर त्या कागदाचा काही उपयोग नसतो.

कायद्याचं थोडं. धर्म सोडला म्हणून तुमचा वारसाहक्क जात नाही, तसा कायदा 1850 पासून आहे. फॉर्मवर ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहिण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयानं 2014 मध्ये मान्य केलाय. गावानं वाळीत टाकलं तर महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एक सावधगिरी: तुमच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला असेल, तर सरकारी कागदांवरचा धर्म बदलण्याआधी वकिलाला भेटा, कारण तो दाखला हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. मनातला बदल कागदावर आणलाच पाहिजे असंही काही नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, आईला काय सांगू. तिच्यापुढं देव आहे की नाही हा वाद मांडू नका. तिची भीती वेगळी असते: पोरगं वाया जाईल, आणि आपल्यामागं आपलं कुणी करणार नाही. त्या भीतीला उत्तर द्या, तेही वागण्यातून. तिला पंढरपूरला जायचं असेल तर गाडी तुम्ही काढा, दर्शनबारीत तिच्यासोबत उभे राहा. आणि माळ का काढलीस असं तिनं विचारलंच तर खरं तेच सांगा. मी म्हटलं होतं, ‘मन लागत नव्हतं गं, आणि खोटी घालवेना.’ आईला ते समजलं. मामांना अजून पटलेलं नाही, त्यांच्याशी मी तो विषय काढत नाही.