विचारा, सांगतो : भाच्याच्या बोटीतून ग्रेनाडा

प्रश्न : माझा भाचा लंडनला असतो. दोन मित्रांबरोबर त्यानं ३८ फुटी शिडाची बोट घेतलीय, ती सध्या कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या बेटांच्या देशात आहे. जानेवारीत तिथून उत्तरेला शेजारच्या सेंट व्हिन्सेंट देशापर्यंत जायचं म्हणून त्यानं आम्हा दोघांना बोलावलंय. जाताना विमानानं ग्रेनाडा, येताना सेंट व्हिन्सेंटहून विमान. व्हिसा लागत नाही म्हणे. मग बघायचं काय? ह्यांना रंकाळ्यातल्या बोटीतसुद्धा गरगरतं.
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पहिल्यांदा प्रवास उलटा करा. माझी नोकरी मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत गेली, तिथं वारा कुठला हे कुणी विचारत नाही. निवृत्तीनंतर एका डच सहकाऱ्याच्या शिडाच्या बोटीवर गेलो तेव्हा कळलं. तिकडं वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि डिसेंबर-जानेवारीत त्याला जास्तच जोर असतो. ग्रेनाडाहून वर जाताना तो तोंडावर येतो, बोट कलंडून धडधडत चालते. तेव्हा पोरांनी बोट वर न्यावी. तुम्ही सेंट व्हिन्सेंटला चढा आणि तिथलीच बेक्विया आणि टोबॅगो केज ही बेटं, मग ग्रेनाडाचं कॅरिआकू बेट करत खाली या. टोबॅगो केजला पाण्यात कासवं शेजारून पोहतात.

दोन्ही देशांत भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आधी व्हिसा लागत नाही, तरी तिकिटाआधी नियम ताजे बघून घ्या. लंडनला भाच्याकडे उतरणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा मात्र लागेल. आणखी उत्तरेला मार्टिनिक बेटावर जाऊ म्हणाला तर नको म्हणा. तो फ्रान्सचा मुलूख, त्याचा व्हिसा वेगळा.

खरी मेख पुढं आहे. तुम्ही विमानानं सेंट व्हिन्सेंटला उतरणार आणि परतीचं तिकीट दाखवणार ग्रेनाडाचं. मग इथून जाणार कसे, असं विमानतळावर विचारणारच. भाच्याकडून सहीचं पत्र घ्या : बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तुमची नावं, कुठून चढणार, कुठं उतरणार. नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी हवीत. माझ्या पासपोर्टवर वडिलांचं नाव होतं, कप्तानानं यादीत ते गाळलं. एका बेटावर दोन तास बाकड्यावर बसून होतो, आणि बाहेर डच माणूस माझ्यावरच चिडलेला.

देश सोडताना कप्तान कचेरीत जाऊन बाहेर पडल्याचा कागद घेतो. तो नसेल तर पुढच्या देशात अडवतात. कॅरिआकूच्या टायरेल बेमध्ये नांगर टाकला की पिवळा झेंडा वर चढतो. कागदपत्रं होईपर्यंत एकटा कप्तान किनाऱ्यावर जातो, बाकीचे बोटीतच. समोर वाळू दिसली म्हणून उतरायचं नाही! शिक्के पडले की पिवळा उतरवून उजव्या बाजूला ग्रेनाडाचा झेंडा लावतात. त्यावर जायफळ आहे, बघून घ्या. रविवारी आणि वेळेबाहेर गेलात तर जादा पैसे पडतात. दोन्हीकडं पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७०.

१ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळानं कॅरिआकू आणि युनियन बेट झोडपून काढलं. त्यामुळं जुन्या माहितीपुस्तकातलं दुकान, धक्का तिथं असेलच असं धरू नका. पाणी, गॅस, धान्य आधीच भरा.

मिलिटरी छापाची पँट किंवा टोपी बॅगेत घालू नका, तिथं सामान्य माणसानं ती वापरणं गुन्हा आहे. चटणीचा डबा न्या, फक्त कस्टमला विचारतील तेव्हा लपवू नका. सुकट-मटणाचं लोणचं घरीच ठेवा.

राहिले तुमचे हे. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती बोट हलायच्या आधी, नंतर नव्हे. खाली केबिनमध्ये झोपायचं नाही, वर बसून क्षितिजाकडं बघायचं. पण त्याआधी तारकर्लीला जा आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत त्यांना दोन तास बसवा. उतरल्यावर त्यांनी सुरमईची थाळी मागितली, तर तिकिटं काढा.