ठिपके दिसले म्हणून लगेच घेऊ नका

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, कलाकारांच्या चित्रांचे अभ्रे आणि रिसायकल्ड चटया घ्यायची हौस चांगली आहे, जरूर घ्या. त्यांची ठिपक्याठिपक्यांची चित्रं उशीच्या अभ्र्यांवर, चटयांवर फार खुलतात. फक्त ठिपके दिसले की पाकीट काढायचं नाही. नवखे तिथेच फसतात.

आधी लेबल उलटून बघा:
- कलाकाराचं नाव आणि समाज
- चित्राचं शीर्षक
- परवाना घेतल्याचा उल्लेख

नुसतं ‘अ‍ॅबोरिजिनल स्टाइल’ लिहिलं असेल तर वस्तू खाली ठेवा. रॉयल्टी कुणाला जाते, हेही बेधडक विचारा. खरा विक्रेता आनंदाने सांगतो. यात आगाऊपणा काही नाही. परवानगीशिवाय चित्रं उचलून व्हिएतनाममध्ये गालिचे विणून घेतल्याचं प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात गेलं होतं, आणि १९९४ साली निकाल कलाकारांच्या बाजूने लागला.

उलट ‘मेड इन इंडिया’ दिसलं की लगेच नकली म्हणू नका. ‘बेटर वर्ल्ड आर्ट्स’ या ऑस्ट्रेलियन कंपनीचे लोकरी अभ्रे काश्मिरी कारागीर साखळी टाक्याने भरतात, आणि रॉयल्टी चित्रकाराला मिळते.

चटईला ‘रिसायकल्ड’ म्हटलं की टक्का विचारायचा. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचं चिन्ह लावायला निदान ५० टक्के पुनर्वापराचा माल लागतो. प्लास्टिकची चटई धुवायला सोपी, पण कायम कडक उन्हात पडली की कडक होऊन तुटायला लागते.

आत्ता एकच अभ्रा घ्या. विणीचे प्रकार, रंगांचा पक्केपणा वगैरे पुढच्या खेपेला बोलू.